दुसऱ्या हाकेला ओ

बिदर जिल्ह्यात समुद्र नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी त्या पाटीवर ‘सी कयाकिंग’ असं लिहिलेलं होतं. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, खाली कन्नडात, आणि मराठीत फक्त एकच ओळ : ‘पोहता येणे जरुरी नाही.’ ती वाचून आमच्यातली थोरली म्हणाली, “हे बरं हाय. आपल्याला कुठं येतंय?”

आम्ही तिघी. बिदरच्या कॉलेजात असताना होस्टेलच्या एका खोलीत राहिलेल्या. थोरली आता हुलसूरकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. धाकटी हैदराबादला कंप्युटरवर नोकरी करते. मी मधली, मूळची औरादची, लग्न करून उदगीरला गेलेली, तिथल्या एका दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते. पाठीवर पिशव्या टाकून समुद्रावर जायचं, हे आमचं होस्टेलातलं ठरलेलं. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी मोडायचं. कधी थोरलीची परीक्षेची ड्युटी, कधी माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू. शेवटी धाकटी चिडली. म्हणाली, समुद्र राहू दे, पण पिशव्या घेतल्यात त्या मी पाठीवर टाकणारच. आपलाच जिल्हा फिरू.

म्हणून आम्ही लाल बसगाड्यांतून आपल्याच गावांत पर्यटक होऊन हिंडत होतो. हसू येईल असंच होतं ते. जनवाड्याला एका आजोबांनी पिशव्या बघून विचारलं, “पोलिओवाल्या हायत काय?” थोरली गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “व्हय. पोरं दाखवा.” आजोबा खरोखरच नातवाला आणायला आत गेले, आणि आम्ही तिथून पळालो.

धरणावर पोचलो तो दिवस येळवशीचा होता. वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळा मुलूख शेतात असतो. घरांना कुलपं, बाजार बंद, एसटी रिकामी. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करायची, आत पाच दगड मांडून पुजायचे, आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवायचं. असल्या दिवशी पोरी पाण्यावर निघाल्यात हे कळल्यावर थोरलीच्या आईनं फोनवरच तोंडाचा पट्टा सोडला होता. तडजोड अशी निघाली की सकाळी लवकर होडीत बसायचं आणि दुपारच्या आत थोरलीच्या शेतावर जेवायला पोचायचं.

ज्याची ती पाटी होती तो गडी चाळिशीचा, अंगानं आडवा, बोलण्यात पक्का. जवळच्याच गावचा. बरीच वर्षं कारवारकडं राहून त्यानं समुद्रात लोकांना अशा लांब होड्यांतून फिरवलं होतं, आणि तिथल्या जुन्या झालेल्या होड्या ट्रकवर घालून गावाकडं आणल्या होत्या. होड्या समुद्राच्या, म्हणून पाटी समुद्राची. त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. मराठी, कन्नड आणि दखनी तो एकाच श्वासात बोलायचा.

“समुद्रापेक्षा आपलं पानी खतरनाक हाय बघा,” तो आम्हाला जॅकेटं घालताना म्हणाला. “समुद्र वरडून अंगावर येतंय. हे गप असतंय.”

मग त्यानं पाण्याकडं हात करून खाली बुडालेलं गाव सांगितलं. मी मनात म्हटलं, आला मूळपदावर. प्रत्येक धरणाखाली एक गाव असतं आणि त्या गावात एक देऊळ असतं, आणि उन्हाळ्यात त्याचा कळस दिसतो, तो आपण जातो तेव्हा मात्र कधी दिसत नाही. असल्या गोष्टींचं मला कधी काही वाटत नाही. दिवसभर मी माणसांचं रक्त काचेवर पसरून बघते, त्यात भूत असतं तर एखाद्या वेळेस दिसलं असतं.

पण त्यानंतर त्यानं जे सांगितलं ते मी आधी कुठं ऐकलं नव्हतं. आम्ही आपापली नावं सांगायला लागलो तर त्यानं हात वर करून थांबवलं.

“नावं नगा सांगू. पाण्यावर नाव घिऊन हाक मारायची न्हाई. पानी नाव शिकतंय.”

“म्हंजे?” धाकटीनं विचारलं.

“म्हंजे काय न्हाई. आपलं काठावरचं नाव काठावर ठिवायचं.” आणि त्यानं लगेच बारसं करून टाकलं. थोरली ती अक्का. धाकटी तंगी, म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. मला मंगळसूत्र होतं म्हणून मी वैनी. तो स्वतः अण्णा. ही रीत त्याच्या घरची, की धरणावर जाळी टाकणाऱ्या भोयांची, की कारवारकडून होड्यांबरोबर आलेली, ते आम्ही विचारलं नाही. धाकटी हसून म्हणाली, झालं आपलं सेफ्टी ट्रेनिंग. तरी आम्ही ती रीत पाळली, आणि हे लिहिताना मी अजून पाळते आहे.

त्याची ही रीत आणि आमची एक रीत, या दोन्ही एकत्र आल्या तर काय होईल, याचा विचार त्यानंही केला नाही आणि आम्हीही केला नाही.

आमची रीत अशी. एकटं असताना, विशेषतः समोर माणूस दिसत नसताना, कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. माणूस तीनदा हाक मारतं, ‘ते’ दोनदाच मारतं. हे मला कुणी कधी शिकवलं ते आठवत नाही, चालायला शिकवलेलं तरी कुठं आठवतं. माझी आई अजून आतल्या खोलीत पीठ मळता मळता दोन हाका गिळते. कुरिअरवाला दोनदा ओरडून निघून जातो आणि मग ती बाहेर येऊन म्हणते, “कोन होतं की, थांबलंच न्हाई.” थोरली विज्ञानाची मास्तरीण, पण होस्टेलात दाराबाहेरून हाक मारली तर तिसरीशिवाय कडी काढायची नाही. आम्ही चिडवलं की म्हणायची, “विश्वास न्हाई गं माझा. सवय हाय.”

पाण्यावर निघालो तेव्हा पूर्वेला नुकतं फटफटलं होतं. थंडी अशी की वल्ह्यावरून हातात ओघळलेला थेंब सुईसारखा टोचत होता. धाकटी घाबरली होती म्हणून अण्णानं तिला स्वतःच्या जोडहोडीत पुढं बसवलं. त्यांच्या मागं अक्का, आणि सगळ्यात शेवटी मी. अंतर ठेवू नका, पुढची होडी नजरेत ठेवा, दिसेनाशी झाली तर थांबा, मी शिट्टी वाजवतो, तिच्या आवाजावर या, एवढं त्यानं सांगितलं होतं. शिट्टी त्याच्या एकट्याकडंच होती.

सुरुवात फार सुंदर होती, हे सांगितलंच पाहिजे. माझं मन एकदम हलकं झालं होतं. कित्येक वर्षांत मी अशी एकटी, हाताला काही काम नसल्यासारखी कुठं बसलेली नव्हते. वल्हं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. अक्काच्या जॅकेटचा नारिंगी ठिपका पुढं डुलत होता. लांब कुठंतरी एखाद्या शेतात येळवशीची चूल पेटली असावी, धुराचा वास पाण्यावरून येत होता.

धुकं सूर्य वर आल्यावर पडलं. असं होतं म्हणतात, ऊन लागलं की पाणी वाफ सोडतं. आधी पाण्यावर गुडघाभर साय आली. मग ती कमरेएवढी झाली. मग अक्काचं डोकं तेवढं दिसत होतं, धड नव्हतं. मी हसून तिला तसं सांगणार होते, तेवढ्यात डोकंही गेलं.

मी वल्हं थांबवलं. सांगितलं होतं तसंच केलं.

आवाज बंद झाला तेव्हा मला कळलं की आतापर्यंत माझ्या वल्ह्याचाच किती आवाज होता. आता काहीच नव्हतं. शिट्टी नव्हती, पक्ष्याचा आवाज नव्हता. माझ्या दोन्ही बाजूंना जुन्या बाभळींचे शेंडे पाण्यातून वर आलेले होते, पाण्यात राहून काळे पडलेले. त्यांच्यावर पाणकावळे बसले होते, पंख अर्धे उघडून वाळत घातलेले. इतके जवळ होते की मला त्यांचे हिरवट डोळे दिसत होते. मी एवढी मोठी होडी घेऊन त्यांच्यात शिरले, तरी एकही उडाला नाही. ते माझ्याकडं बघतही नव्हते. सगळे एकाच दिशेला बघत होते, माझ्या पाठीमागं.

हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. एखाददुसरा पक्षी तिकडं बघेल. पण सगळे? मी म्हटलं, मासा असेल. साप असेल पोहत चाललेला. मागं वळून बघायचं नाही, असं एक मन सांगत होतं, आणि दुसरं म्हणत होतं, बघितलं नाहीस तर जन्मभर त्याचाच विचार करत बसशील.

मी वळून बघितलं. मागं नुसतं पांढरं होतं. आणि त्या लांब, चिंचोळ्या होडीत अंगानं पूर्ण मागं वळल्यावर जे व्हायचं ते झालं. होडी आडवी झाली आणि मी पाण्यात गेले.

पाणी डोक्यावरून गेलं तेव्हा थंडी वाटली नाही, मार बसल्यासारखं वाटलं. जॅकेटनं मला वर फेकलं, पण पूर्ण वर येऊ दिलं नाही कुणीतरी. माझा डावा पाय खाली अडकला होता. सलवारीचा घोळ कुठल्यातरी फांदीला लागला होता आणि फांदी सोडत नव्हती. जॅकेट सैल होतं, ते वर सरकून कानांपर्यंत आलं. मान मागं टाकली तरच नाक पाण्याबाहेर राहत होतं. होडी पालथी होऊन वाऱ्याबरोबर हळूहळू निघाली होती, माझा हात तिच्या टोकाला लागला आणि निसटला.

मी मरणार आहे, असं मला अगदी साध्या शब्दांत वाटलं. मुलीचा डबा कोण भरेल, असं वाटलं. मग मी हाक मारली.

“अक्का!”

धुक्यात, फार लांब नाही, वल्ह्याचा आवाज येऊ लागला होता, तो थांबला. म्हणजे ऐकू गेलं होतं. वल्ह्यावरून पाण्यात पडणारे थेंबसुद्धा मला ऐकू येत होते. मी ओ ची वाट बघितली. ओ आली नाही.

त्या थंडगार पाण्यात, नाकातोंडात पाणी जात असताना, मला राग आला. ती का गप्प आहे हे मला लगेच कळलं होतं. समोर माणूस दिसत नाही, हाक एकच आलेली, आणि हाकेत नावही नाही. नुसतं अक्का. ती थांबली होती. नीट वाढवलेली मुलगी होती ती.

“अक्का! ए अक्का!” मी पुन्हा ओरडले. या वेळी तोंडात पाणी आलं आणि शेवट बुडाला.

आणि ओ आली.

“ओ.”

अक्काच्या दिशेनं नाही. माझ्या मागून. पक्षी जिकडं बघत होते तिकडून. बाईमाणसाचा आवाज, ना म्हातारा ना तरुण. घाई नाही, भीती नाही, आश्चर्य नाही. चुलीपुढं बसलेल्या बाईनं कामातून मान न उचलता द्यावी तशी ओ. आणि जवळून. पलीकडच्या ओट्यावरून यावी इतकी जवळून.

लहानपणापासून मला सांगितलं होतं की कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. आपल्या हाकेला भलत्याच कुणी ओ दिली तर काय करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मागं वळून बघायची सोय नव्हती. मान वळवली की नाक पाण्याखाली जात होतं. पाठीमागचं पाणी हललं की नाही, ते मला सांगता येणार नाही. माझे कान पाण्यात होते आणि माझंच काळीज त्यात वाजत होतं. पण पुढचा आवाज मात्र मी नीट ऐकला. अक्काचं वल्हं पुन्हा सुरू झालं, आणि ते लांब जायला लागलं.

ती निघाली होती. मला सोडून.

तिसरी हाक मारायची होती. तिसरी मारली की अक्का येणार, हे मला पक्कं माहीत होतं. पण तिसरी हाक आता कुणाला लागेल? दुसरीला जिनं ओ दिली ती तिसरीला उठून येईल. ‘अक्का’ म्हटलं की दोघींनाही ऐकू जाणार होतं. खरं नाव घ्यावं, तर पाणी नाव शिकतं. हे सगळं आज घरात बसून वाचणाऱ्याला वेडेपणा वाटेल. मलाही काठावर वाटलाच होता. पाण्यात वाटत नव्हता.

वल्हं आणखी लांब गेलं. आणि मग माझ्या पोटातून जे बाहेर आलं ती हाक नव्हतीच.

“ए सटवे! भवाने! मरायले की मी हितं! तुझा चष्मा संडासात पडला तवा मी हात घालून काढून दिलते, आठवायलंय का गं, टवळे!”

वल्हं थांबलं. मग तिचा आवाज आला, चिरका, रडका.

“कुठल्या?”

“काय कुठल्या?”

“कुठल्या संडासात?”

मी बुडत होते आणि ती माझी तोंडी परीक्षा घेत होती. “खालच्या मजल्याच्या! कोपऱ्यातल्या! कडी नव्हती त्या!” मी ओरडले, पाणी प्याले, पुन्हा ओरडले.

“आले! आले गं! बोलत ऱ्हा! गप बसू नगंस!”

मी बोलत राहिले. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्या पाण्यावर टाकल्या, आईच्या, आजीच्या, औरादच्या बाजारातल्या, काही तेलुगू. भूत शिव्या देत नाही, हा शोध त्या दिवशी आम्हा दोघींना एकदमच लागला. नारिंगी ठिपका धुक्यातून फुटला तेव्हा मी रडायला लागले. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिनं होडी जवळ आणली, पण हात देण्याआधी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि मग वल्ह्याचं टोक पुढं केलं. ते मी धरलं. मग तिच्या होडीचं टोक धरलं आणि त्यावर गाल टेकून राहिले. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या मागं बघणं ती टाळत होती, हे मला दिसत होतं.

शिट्टी मग ऐकू आली, आणि पाठोपाठ अण्णाची होडी. पुढं बसलेली धाकटी रडत होती. अण्णा पाण्यात उतरला, खाली हात घालून त्यानं सलवार टराटरा फाडली आणि मला मोकळं केलं. मला जोडहोडीत ओढून घेतल्यावर त्यानं हळू आवाजात विचारलं, “वैनी, तुम्हाला कुनी हाक मारली काय?”

“मी मारली. अक्काला.”

“तुम्ही मारली ते सोडा. तुम्हाला कुनी मारली काय?”

“न्हाई.”

“मग काय हरकत न्हाई,” तो म्हणाला, आणि त्यानं वल्हं उचललं. ओ बद्दल त्यानं विचारलं नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नाही.

काठावर त्यानं तुरीच्या तुराट्या पेटवल्या. धाकटीनं तिच्या त्या मोठ्या पिशवीतून स्वतःचे कपडे काढून मला घातले, डोकं पुसलं, चहा पाजला. दात वाजायचे थांबले तेव्हा धुकंही उठलं होतं. समोर साधं, निळं, ऊन पडलेलं पाणी होतं. बाभळींचे शेंडे इतके जवळ दिसत होते की लाज वाटावी. थोरली घरी फोन लावायला म्हणून रस्त्याकडं गेली होती. तेवढ्यात मी धाकटीला ती ओ सांगितली.

धाकटी हुशार आहे. तिनं मला आधी पोटाशी धरलं, मग विचार केला, मग म्हणाली, “आज येळवस हाय. काठाकाठानं बाया डोक्यावर पाट्या घिऊन शेताला जायल्यात. तू अक्का म्हणून वरडलीस. आपल्या भागात दर दुसरी बाई अक्काच असती. कुनीतरी दिली ओ. धुक्यात आवाज कुठून बी येतंय.”

पाण्यात माझ्या पाठीमागं होता तो काठ मी बघितला. तो फार लांब होता, पण होता. त्याच्यावरून पायवाट जात होती आणि खरोखरच दोन बायका पाट्या घेऊन चालल्या होत्या. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. अक्का म्हणून ओरडावं आणि भलत्याच अक्कानं सवयीनं ओ देऊन आपल्या वाटेनं चालू लागावं, यापेक्षा आमच्या भागातली गोष्ट ती दुसरी कोणती? हे मी थोरलीला सांगून तिला हसवायचं ठरवलं.

दुपारी तिच्या शेतावर पोचलो. ज्वारी कणसाला आलेली, हरभरा गुडघ्याएवढा, आणि मधोमध कडब्याची कोप, तिला शाल गुंडाळलेली. तिच्या आईला आम्ही काही सांगितलं नाही. माझ्या अंगावरचे धाकटीचे तंग कपडे बघून तिनं नुसतं “हे काय गं सोंग” म्हटलं आणि पानावर भज्जीचा डोंगर घातला. चारी बाजूंच्या शेतांतून माणसं एकमेकांना जेवायला हाका घालत होती आणि हाका पोचायच्या आत लोक ओ देत होते. भर उन्हात, इतक्या माणसांत कुणी मोजत बसत नाही.

थोरली जेवत नव्हती. उंडा हातात धरून नुसती बसली होती. धाकटी आंबील आणायला उठली तेव्हा मी तिच्याजवळ सरकले.

“खा की,” मी म्हटलं. “मेले न्हाई मी.”

“मी पयल्या हाकेला थांबले,” ती खाली बघत म्हणाली. “ओळखले होते आवाज. तुझाच होता. तरी थांबले. दुसरीला बी थांबले. तिसरीची वाट बघायलते, आईशप्पथ.”

“मला माहीत हाय गं. मी बी तेच केले असते.”

“मग कामून निघाले ते इचार की.”

मी हातातला घास पानात ठेवला. तिला ओ बद्दल मी अजून काही बोलले नव्हते, आणि धाकटीनं सांगावं इतका वेळ त्या दोघी एकट्या नव्हत्या.

“ओ आली,” थोरली म्हणाली. “तुझ्या जवळून. काठावरून न्हाई, अगदी तुझ्या जवळून. मला वाटलं, हाक मला नव्हतीच. जिला होती तिनं ओ दिली. मग मला काय काळजी? मी होडी वळवले.”

“आणि मी शिव्या दिले नसते तर?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“तर काठाला गेले असते. अण्णानं इचारलं असतं, वैनी कुठं ऱ्हायल्या. मी सांगितले असते, येतील सावकाश. त्यांच्यासंगं बाई हाय.”